टीला घरी पोचवायचं

"टी आणलास ना? मग त्याला घरी पोचवून ये. तोवर पेन खाली ठेवायचं नाही."

हा आवाज माझ्या वडिलांचा. औंधात त्यांना सगळे नानासो सर म्हणत, घरी आम्ही आबा. बारावीला इंटिग्रेशन शिकवताना हे वाक्य त्यांच्या तोंडून वर्षानुवर्षं निघत राहिलं. एक्समध्ये गुंतलेलं अवघड गणित समोर आलं, की तो गुंता उचलून त्याच्या जागी टी हे एकच अक्षर लिहायचं. गणित सोपं होतं, सुटतं. सुटल्यावर टीच्या जागी पुन्हा एक्स आणायचा. पोरं नेमकी ही शेवटची पायरी विसरायची. मग सर खडू टेबलावर ठेवून म्हणायचे, "पाव्हण्याला कामाला बोलावलंस, दिवसभर राबवून घेतलंस आणि संध्याकाळी एसटी स्टँडावर सोडून आलास व्हय रं?"

आता मी सांगलीत बारावीच्या मुलांना तेच शिकवते आणि तेच बोलते. माझा आवाज बारीक आहे, त्यामुळे मागच्या बाकावरची मुलं पुढे सरकून बसतात. सबस्टिट्यूशन सुरू झालं की दर वर्षी एखादा विचारतोच, "मॅडम, टी घेतला, आता बिस्कीट?" वर्ग हसतो. मीही हसते. हसून झालं की धडा पुढे जातो.

त्या जानेवारीत मी क्रांतीला फळ्यावर बोलावलं. दोन एक्स गुणिले कॉस एक्स वर्ग, याचं इंटिग्रल. वर्गातल्या कुणालाही आलं असतं, आणि क्रांतीला तर झोपेतही. तिनं एक्स वर्गाच्या जागी टी घेतला. मग दोन एक्स डीएक्सचा डीटी झाला, कॉस टीचा साइन टी झाला. अधिक सी लिहून तिनं खडू ठेवला आणि जागेवर जायला वळली.

"पाव्हणा स्टँडावर," मागून एक मुलगा म्हणाला.

सगळे हसले. क्रांती वळली, फळ्याकडे बघत राहिली. काय राहिलं ते तिला दिसेना. तिच्या चेहऱ्यावरून ते मला कळलं, आणि मला बरं वाटलं नाही.

"टी इथंच राहिला तर काय होतं, मॅडम?" तिनं विचारलं. विचारण्यात उद्धटपणा नव्हता.

"प्रश्न एक्सचा होता, बाळ. टी थोडा वेळ त्याच्या जागी उभा राहिला. त्यानं तो एक्स होत नाही."

तिनं खडू उचलला, टी पुसून एक्स वर्ग लिहिला आणि जाऊन बसली. तास संपेपर्यंत तिनं वर पाहिलं नाही.

तिच्या घरचं मला थोडं माहीत होतं. तिची थोरली बहीण पूजा औंधलाच दिलेली, म्हणजे माझ्या माहेरी. नवरा जयराज लष्करात. दिवाळीनंतर पूजाला ताप आला आणि तापातच ती गेली. पाठीमागं रांगायला लागलेलं मूल राहिलं, ऋषिराज. तेव्हापासून क्रांती वर्गात यायची, पण असायची नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी पहाटे माझा फोन वाजला. मी उठल्यापासून देवापुढे दिवा लावेपर्यंत बोलत नाही. आईनं घालून दिलेला नेम आहे आणि मुलांनाही तो ठाऊक आहे, म्हणून त्या वेळी कुणी फोन करत नाही. क्रांतीचं नाव दिसलं म्हणून मी उचलला.

"मॅडम, तुम्ही बोलणार नाही हे माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणूनच आत्ता केला. बाकी कुणालाही सांगायला गेलं की मधेच बोलतात. पुरं सांगूनच होत नाही."

मी हातातली वात तशीच धरून उभी राहिले.

"घरी माझं लग्न ठरवतायत. दाजींशी. माघात, पेपरांच्या आधी. आक्काच्या जागी मी, असं. आक्कानं ऋषीच्या वेळी यमाईला नवस बोललेला. बाळ धरलं की डोंगराच्या पायरी-पायरीला हळदकुंकू लावत वर जाईन, देवीची ओटी भरीन, असा. तो राहिला. दवाखान्यात तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, तेवढं राहू देऊ नको. मी हो म्हटलं. आता औंधच्या मावशी, आक्काच्या सासूबाई, म्हणतात, नवस आईनंच फेडायचा असतो. आई नसली तर आईच्या जागी येईल तिनं. म्हणून लग्न आधी. आक्काचा शब्द मला मोडायचा नाही, मॅडम. पण लग्न करायचं नाही. इंजिनिअरिंगला जायचंय. दोन्ही कसं करू, तेच सुटत नाही."

पलीकडं कुठंतरी दार वाजलं, तसा तिनं आवाज खाली आणला.

"तुम्ही काही सांगू नका. मी ठेवू?"

देवघरातली घंटी मी हळूच एकदा वाजवली.

"बरं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी दिवा लावला, जप केला. जपात मन लागलं नाही, ते देवीला सांगून टाकलं. कॉलेज सुटल्यावर मार्केट यार्डात गेले. क्रांतीचे वडील भाऊसो तिथं हळदीच्या वजनकाट्यावर असतात. नवी हळद यायला लागली होती. पोती, माणसं, भिंती, सगळ्यांवर पिवळा थर होता. भाऊसोंनी मला बघितलं आणि काटा दुसऱ्याच्या हवाली करून एका पोत्यावरची धूळ टॉवेलानं झटकली.

"बसा मॅडम. पोरीनं काय केलं का?"

"काही केलं नाही. मी लग्नाचं ऐकलं."

त्यांनी चहा सांगितला. तो आला. मग म्हणाले, "अठरा पुरी झाली तिला. नियमात बसतंय सगळं. घर तेच, पोर तेच. दुसरीकडं द्यायचं म्हटलं तर माणसं पारखण्यात जलम जातोय. जयराजला आमी वळखतो. पूजाला त्यो कवा वाकडा शबुद बोलला न्हाई."

"जयराज काय म्हणतो?"

"त्यो काय बोलतोय. मिलिटरीतला माणूस. वरनं आलं की व्हय."

"तुम्ही विचारलंत?"

"विहीणबाईंनी इचारलं आसंल."

"आणि क्रांतीला?"

"तिला म्या इचारलं की. ती म्हणाली, आक्काला शबुद दिलाय." असं म्हणताना त्यांच्या तोंडावर थोडा अभिमान आला. "लेक शब्दाची पक्की हाय माजी."

"भाऊसो, शब्द नवसाचा दिलाय तिनं. लग्नाचा नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. बोटांवरची हळद कपाच्या कानाला लागली होती. ते अंगठ्यानं पुसायला गेले तसा तो डाग पसरला.

"नवसाला आई लागती, मॅडम. विहीणबाई म्हणत्यात तसं. त्यात पोर सारखं आजारी पडतंय. नवस आडलाय म्हणून पडतंय म्हणत्यात. आता यात मी काय बोलू? तुमी औंधच्या, नेमाधर्माच्या. तुमाला म्हाईत आसंल त्यातलं."

मला त्यातलं किती माहीत आहे, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. म्हणून मी एवढंच विचारलं, "तारीख धरायला औंधला कधी जाताय?"

"रविवारी."

"मी येऊ का बरोबर?"

"या की. तुमच्या गावाला तुमालाच आमी या म्हणायचं व्हय?"

रविवारी आम्ही तिघं कराडला गाडी बदलून औंधला पोचलो. क्रांती सगळ्या वाटेत खिडकीला डोकं टेकून होती. गावात शिरताना डोंगर दिसला तसे तिनं हात जोडले, मीही जोडले.

पूजाची सासू रंगूबाई सोप्यात बसली होती. मला लहानपणापासून ओळखणारी, आमच्याच आळीतली. मांडीवर ऋषी होता. त्याला नुकताच ताप येऊन गेलेला, डोळे मोठे दिसत होते. जयराज सुट्टी वाढवून घरी थांबलेला. त्यानं आम्हाला पाणी दिलं आणि दारापाशी भिंतीला टेकून उभा राहिला. बसला नाही.

"शालन, तू गं कशी वाट चुकलीस?" रंगूबाई म्हणाली. "बाप ग्येला आन् औंध इसरलीस."

"विसरले नाही, रंगूकाकू. तुमच्याशी बोलायला आले. नवसाचं."

तिनं एकदा भाऊसोंकडे बघितलं. "पाव्हण्यांनी वकील आणला म्हणा की."

"मी कसली वकील? माझा आवाज कोर्टात ऐकू तरी येईल का?"

ती जरा हसली. मग ते हसणं गेलं. ऋषीच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाली, "बोल मग. पर नवस काय मोडत न्हाई मी."

"मोडायचा नाहीच. शास्त्रात काय लिहिलंय ते मला पुरं सांगता येणार नाही. मी स्वतः केलं तेवढं सांगते. आबांचं मंगळवारचं होतं, डोंगर चढून देवीचं दर्शन. ते अंथरुणाला खिळल्यावर मी सांगलीहून दर मंगळवारी यायची. देवीच्या दारात म्हणायची, नानासोंच्या वतीनं आलेय. चढायची मी, नाव त्यांचं. तुम्ही बघितलंय."

"बगितलंय की. साऱ्या आळीनं बगितलंय."

"तसं पूजाचं क्रांती करील. बहीण आहे. पायऱ्या ती चढेल, हळदकुंकू ती लावील, ओटी ती भरील. नाव पूजाचं घेईल. त्यासाठी तिला पूजा व्हावं लागत नाही. मी काय नानासो झाले होते का?"

ऋषी तिच्या बांगड्यांशी खेळत होता. मला वाटलं झालं. पण तसं नव्हतं.

"तुजा बाप जित्ता हुता तवा," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बसका झाला. "घरात पडून वाट बगत हुता, लेक कवा अंगारा आणतीया. माजी सून ग्येली, शालन. ग्येल्या माणसाच्या वतीनं कोण जातंय? ती ग्येली म्हणजे तिची जागा मोकळी झाली. मोकळ्या जागेवर कोणतरी यावंच लागतंय."

क्रांती खाली बघत होती. भाऊसोंनी मान हलवली, जणू त्यांनाही हेच म्हणायचं होतं. मी डोळे मिटून देवीचं नाव घेतलं. आणि मग मला तो दिवस आठवला.

"आबा गेले ना, काकू, त्या आठवड्यातला मंगळवार राहिला होता. सुतक होतं, जाता आलं नाही. सुतक फिटल्यावर मी तो केला. दारात म्हटलं, नानासोंच्या वतीनं. तेव्हा ते नव्हते. बाहेर येताना कोण भेटलं, आठवतंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही भेटलात. माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवलात आणि म्हणालात, झालं बाय, नानासोंचं पुरं झालं. माझं पुरं झालं, असं नाही म्हणालात."

बाहेरून कुणाच्या तरी टमटमचा आवाज आला आणि गेला. रंगूबाईनं पदर तोंडावर घेतला. रडली नाही, नुसती तशी बसली.

जयराज भिंतीपासून जरा पुढे आला.

"आई, आमच्यात एखादा रजेवर गेला किंवा गेलाच, तर दुसरा त्याच्या पोस्टवर उभा राहतो. ड्यूटी पुरी करतो. पण त्याची नेमप्लेट छातीवर लावत नाही. स्वतःचीच असते."

"तू हे आदी का न्हाई बोललास?"

"तू विचारलंस कुठं? तारखा विचारल्यास."

भाऊसोंनी टॉवेल खांद्यावरून काढून मांडीवर ठेवला, मग परत खांद्यावर टाकला.

"तुमाला करायचं न्हाई व्हय, जयराज?" त्यांनी विचारलं.

"मामा, ही शाळेची पिशवी घेऊन आली होती आमच्या लग्नात. मी हिला तशीच बघितलीय." तो क्रांतीकडे न बघता बोलला. "आणि पूजाला जाऊन दिवस किती झाले? मला अजून तिची हाक ऐकू येते."

तेव्हा रंगूबाईनं पदर बाजूला केला. "मला बी ऐकू येती," ती म्हणाली. "म्हणून तर. दोगींचा आवाज एकसारका हाय. म्हटलं ही घरात वावरली की वाटंल, हाय ती. ग्येली न्हाई."

क्रांती उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. "मावशी, आवाज सारखा आहे. पण मी ऋषीला आक्काचं गाणं म्हणायला लागले ना, की तो आधी हसतो. मग माझ्या तोंडाकडं बघतो आणि हसायचा थांबतो. त्याला कळतं."

रंगूबाईनं नातवाकडे बघितलं. "तुला बी कळतंय व्हय रं," ती म्हणाली. मग त्याला उचलून क्रांतीच्या मांडीवर दिला. तो तिच्या वेणीशी खेळू लागला.

"मग ह्याचं बगायचं कुणी?" थोड्या वेळानं रंगूबाईनं विचारलं. "माजं हात आसं थरथरत्यात."

"सुट्टीला येईन मी. मावशी म्हणून. तुम्ही हाकलून द्याल तोवर."

"आन् कालेजात गेल्यावर?"

"तिथं पण सुट्ट्या असतात."

जयराजला पुढच्या महिन्यात परत जायचंच होतं आणि रंगूबाईच्या हातांचा कंप त्या बोलण्यानं थांबणार नव्हता. पण त्या दिवशी तारीख धरली गेली नाही. निघताना रंगूबाई उंबऱ्यापर्यंत आली आणि क्रांतीला म्हणाली, "पेपर हुंदेत तुजं. मग ये. पर नाव पूजाचं घ्याचं. पुटपुटायचं न्हाई. देवीला ऐकू ग्येलं पायजे."

"हो, मावशी."

"आन् हळद बापाची आण. हितली नको. तिला सांगलीचीच लागायची."

परतीच्या गाडीत भाऊसो माझ्या पुढच्या सीटवर होते. कराड यायच्या आधी ते मागं वळले.

"मॅडम, मी तिचा शबुद ऐकला, पर पुरा न्हाई ऐकला."

क्रांती झोपली होती.

फेब्रुवारी गणिताच्या तयारीत गेला. मी तिला सबस्टिट्यूशनची आणखी गणितं दिली. एकदा तिनं ई चा एक्स वर्ग घात, याचं इंटिग्रल स्वतःहून काढायला घेतलं. टी घेतला तर खाली वर्गमूळ आलं, दुसरा टी घेतला तर आणखी काही. दोन पानं भरली. मी सांगितलं, "याला ते नाही चालत. टी घ्यायचा तर त्याचा डीटी जुळेल असं काहीतरी आत आधीच असावं लागतं. इथं ते नाही. कितीही टी बदल, जुळणार नाही."

"मग माझी चूक नाही?"

"नाही."

तिनं पानं चुरगळली नाहीत. घडी घालून पिशवीत ठेवली.

गणिताचा पेपर झाल्यावर ती माझ्याकडे आली नाही, फोनवर एवढंच लिहिलं, "सगळे टी घरी पोचले." शेवटचा पेपर झाला त्या आठवड्यात ती आणि भाऊसो औंधला गेले. मी आदल्या दिवशीच माहेरी जाऊन राहिले होते.

डोंगराच्या पायथ्याशी आम्ही भेटलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. माझा दिवा वर देवीपुढेच लागणार होता, म्हणून मी बोलत नव्हते. क्रांतीनं ओळखलं, नुसती मान हलवली. रंगूबाई कट्ट्यावर बसून राहिली, तिच्यानं चढवणार नव्हतं. जयराज ड्यूटीवर परत गेला होता. त्यानं आदल्या संध्याकाळी फोन करून पूजाच्या ओटीचं लुगडं कुठल्या पेटीत आहे ते सांगितलं होतं.

भाऊसोंनी पिशवीतून हळदीची पुडी काढली. त्यांनी ती स्वतः दळून आणली होती, उघडल्यावर वास सगळीकडं पसरला. क्रांतीनं ती डबीत ओतली, कुंकवाची डबी शेजारी ठेवली. ऋषीला कमरेवर घेतलं. तो टोपीतून डोंगराकडे बघत होता.

ती पहिल्या पायरीशी वाकली. पायरीला हळद लावली, कुंकू लावलं.

"पूजा जयराजच्या वतीनं," ती म्हणाली. पुटपुटली नाही. "आलेय मी तिची बहीण, क्रांती."

कट्ट्यावर रंगूबाईनं हात जोडले. क्रांतीनं मूल सावरलं, दुसऱ्या पायरीला हळद लावली, मग तिसऱ्या. आणि तशीच, मागं न बघता, वर निघाली.